खाडीच्या राखणीचा कोंबडा

"मग यंदा वेशीवर दोन कोंबडे देऊ का, बुवा?"

दिगंबर सरपंच मठाच्या ओटीवर बसून विचारत होता. आमच्याकडे वर्षातून एकदा वेशीवरच्या राखणदार देवाला कोंबडा देतात. तो जेवला की गाव राखतो, खाडी राखतो. दिगंबर लहानपणापासून सावळगीर बुवांचा शिष्य. माझं अंगण मठाला लागूनच, त्यामुळे कान लावावा लागत नाही, आपोआप ऐकू येतं.

बुवा खाडीकडे बघत होते. ओहोटीच्या चिखलात दिगंबरची आई कालवणासाठी तिसऱ्या, त्या खायच्या शिंपल्या, शोधत होती. शिंपले निघत होते, पण सगळे उघडे. मेलेले.

"हातांना फोड आलेत तिच्या," दिगंबर म्हणाला. "ऐकतच नाही. म्हणते, या खाडीनं मला कधी उपाशी ठेवलं नाही."

"कंपनी खाडीत सोडते त्या पाण्यानं?" बुवांनी विचारलं.

"कंपनी परदेशातली, बुवा. मोठी माणसं. मला नेलं होतं ना त्यांच्या देशात!" त्याचा आवाज जरा चढला. "तिथं त्यांच्या कारखान्याखाली लोक गळ टाकून बसतात. मासे उड्या मारताना पाहिले मी."

"हीच कंपनी?"

"हीच."

"मालही हाच बनवतात?"

"हाच."

"मग तिथं मासे कसे?"

"तिथं तपासणीवाले न सांगता येतात. पाणी खराब दिसलं की कारखान्याला टाळं."

"आणि आपल्याकडे?"

दिगंबरनं नजर खाली आईकडे वळवली.

"आपल्याकडे... तपासणीचे साहेब यायच्या आधी फोन येतो."

"कुणाला?"

"मला."

"मग?"

"मग मी कंपनीला कळवतो... त्या दिवशी ते पाणी सोडत नाहीत."

 खाली म्हातारी टोपली झटकत होती. रिकाम्या शिंपल्यांचा खुळखुळ आवाज वरपर्यंत आला.

"मी स्वतःच्या घरात काही नेलं नाही, बुवा! आईची शपथ. कंपनीकडून शाळेवर पत्रे घालून घेतले. गावाला रस्ता घेतला. या मठाला फरशी..."

तो थांबला.

बुवांनी खाली वाकून फरशीवरून हात फिरवला. गुळगुळीत, गार फरशी. हात बराच वेळ तिथंच राहिला...

"दोन कोंबडे आणतो, बुवा. तीन आणतो. पण आई..."

"कोंबडा राहू दे, दिगू," बुवा म्हणाले. "राखणदार कंपनीकडे जेवलेत. तूही, मीही."