राजाची जास्वंद

एका राज्यात थंडी अशी पडली, की राजवाड्यापुढच्या कारंज्याचे पाणी वर उडाले ते उडालेलेच राहिले. लोक येत, मान वर करून त्या गोठलेल्या पाण्याकडे पाहत, आणि हात काखेत घालून परत जात.

थंडीला कारण होते, आणि तेही एवढेसे. उत्तरेच्या डोंगरात हिमकंठ नावाचा जादूगार राहत असे. तो राजा जयकेतूच्या भेटीला आला, तेव्हा राजा आपल्या बागेत होता. राजाला बागेचे भारी वेड. जादूगाराचा श्वास बर्फासारखा; तो फाटकात शिरला तशी शेवंतीने मान टाकली. राजा हात जोडून म्हणाला, "महाराज, आपण बाहेरच थांबावे. मीच येतो." बोलला ते आदराने, पण मानी माणसाला काय टोचेल, कोणी सांगावे! हिमकंठ म्हणाला, "मग ही बागही राहणार नाही आणि तूही राहणार नाहीस." त्याने एक फुंकर घातली आणि चालता झाला.

सकाळी बाग काळी पडली होती. केळीची पाने चिंध्यांसारखी लोंबत होती, पपया नासून वाकल्या होत्या, मोगऱ्याच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या. आणि बागेच्या मधोमध राजाची तांबडी जास्वंद शेंड्यापासून बुंध्यापर्यंत कोळशासारखी झाली होती.

त्या घराण्याची रीत अशी, की राजपुत्र जन्मला की त्याची नाळ बागेत पुरायची आणि वर एक झाड लावायचे. झाडाचा जीव तोच राजपुत्राचा जीव. जास्वंद काळवंडली त्याच घटकेला राजा जयकेतू बागेच्या पायरीवर कोसळला. अंग गार पडले, डोळे मिटले. श्वास चालू आहे की नाही, ते नाकाशी आरसा धरून पाहावे लागे.

राणी चारुमती उशाशी बसून त्याच्या तळव्यांना कोमट तेल चोळी. वैद्य आले, मान हलवून गेले. मग एके दिवशी राजमाता रेवतीदेवी आल्या. सोन्यासारखा मुलगा असा पडलेला पाहून त्या महिनाभरात वाळून गेल्या होत्या.

"सूनबाई, आपली रीत तुम्हांला ठाऊक आहे. जळलेले झाड उभे राहिले, तर जीव त्यात अडकून पडतो. ना इकडचा, ना तिकडचा. होळीच्या सकाळी ते मुळासकट काढायचे आणि होळीत घालायचे, म्हणजे जीव सुटतो. माझ्या मुलाला मी असे लटकत ठेवणार नाही."

"तोवर औषध मिळाले तर, आईसाहेब?"

"तर देव पावला. होळीपर्यंत थांबेन. पुढे माझ्याने बघवणार नाही."

त्या गेल्या आणि चारुमती बागेत जाऊन रडली. कुंपणाच्या भिंतीवर एक भारद्वाज बसला होता. लोक त्याला शुभ मानतात. हा मात्र मोठा चिडका होता.

"रडून काय होणार?" भारद्वाज म्हणाला. "ज्याने घाव घातला त्याच्याकडे जा. तो एका नियमाने बांधलेला आहे. जो त्याची तीन दारे ओलांडेल, त्याच्या एका प्रश्नाला त्याला खरे उत्तर द्यावेच लागते."

"तू मला का मदत करतोस?"

"मी या बागेतल्या गोगलगायी खातो. बाग गेली, माझे जेवण गेले. उपकार समजू नकोस. चल."

राणी निघाली. भारद्वाज कधी पुढे उडे, कधी तिच्या खांद्यावर बसून थंडीच्या नावाने बोटे मोडी.

पहिले दार म्हणजे एक गोठलेली नदी. काठावर एक कुऱ्हाड टांगलेली होती, जणू कोणी सोयच करून ठेवली होती. चारुमतीने ती उचलली. तेवढ्यात तिला बर्फाखाली माणसे दिसली. प्रत्येकाच्या मुठीत तशीच कुऱ्हाड होती. तिने कुऱ्हाड जागच्या जागी ठेवली आणि काठावर बसली. होळी जवळ येत होती आणि ती नुसती बसली होती, याची तिला लाज वाटत होती. दुपारी सूर्य डोंगरावरून डोकावला, मधले पाणी मोकळे झाले, आणि पाय ठेवायला दगड वर आले. ती पार झाली.

दुसरे दार म्हणजे एक बाग. तिथे सोन्याच्या कुंडीत सोन्याची जास्वंद होती आणि तिला माणकांची फुले होती. कुठून तरी गोड आवाज आला, "हे झाड नेऊन लाव. आजच्या आज राजा उठेल."

चारुमतीचा हात पुढे झाला. का होणार नाही? तिला राजा हवा होता, शहाणपण नको होते. पण झाडाला हात लावण्याआधी ते खालून न्याहाळायचे, ही सवय तिला नवऱ्याने लावली होती. तिने वाकून पाहिले. खाली एक पान गळलेले नव्हते, एक मुंगी फिरत नव्हती.

"हे कधी सुकत नाही," ती म्हणाली, "म्हणजे हे जगतही नाही." आणि तिने हात मागे घेतला. भोवतालचे सोन्याचे पुतळे हात पुढे करून उभे होते. ते पुतळे नव्हते, हे भारद्वाजाने तिला बाहेर पडल्यावर सांगितले.

"आधी सांगायचे होतेस!"

"सांगितले असते तर दार तू ओलांडले असे झाले नसते. मी ओलांडले असे झाले असते."

तिसरे दार खरेच दार होते, बर्फाचे, बंद. चारुमतीने कडी वाजवली. आतून कोणी ओ दिली नाही. वारा हाडांत शिरला. मनात होळीची लाकडे रचली जात होती. तिने पुन्हा हात उचलला, तोच भारद्वाज पंख फडफडवत ओरडला, "या दाराची कडी दोनदा वाजवणारा दगड होतो! एवढे सांगायला मला मुभा आहे!" दाराच्या दोन्ही बाजूंना दगड पुष्कळ होते. मग ती पदर डोक्यावर ओढून उभी राहिली. संतापली, रडली, देवाला बोल लावले, पण कडीला हात लावला नाही. दार आपल्या सवडीने उघडले.

आत हिमकंठ बसला होता. मागच्या फळ्यांवर रंगीबेरंगी काढे, भस्मे, तेले हारीने मांडलेली होती.

"ये राणी," तो लगबगीने म्हणाला. "विचार. कोणते औषध, हेच ना? विचार, विचार."

सबंध वाटभर चारुमतीने हाच प्रश्न घोकला होता. पण हा म्हातारा इतका उतावीळ का? औषध विचारले, तर तो खरे औषध सांगेल, पण कशावरचे सांगेल? तिने घोकलेला प्रश्न गिळला.

"आमची जास्वंद मेली आहे का?"

हिमकंठाचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत कोणी हे विचारलेच नव्हते.

"नाही," तो दात खाऊन म्हणाला. खरे बोलायचा नियम त्याला पुढे ओढत होता. "माझी फुंकर जमिनीच्या वरवर चालते. मुळांपर्यंत ती पोचत नाही. मुळे तुम्हीच उपटता. तुमच्या रीती मला पाठ आहेत. मी नुसता काळा रंग देतो. पुढचे काम तुमची माया करते."

चारुमतीने पुढचा शब्द ऐकला नाही. ती धावत सुटली.

ती बागेत पोचली तेव्हा होळीची सकाळ उजाडली होती. जास्वंदीभोवती आळे खणले होते. कुदळ राजमातेच्या हाती होती. हे काम दुसऱ्या कोणाला त्यांनी करू दिले नव्हते.

"आईसाहेब, थांबा! ती जिवंत आहे."

"मिळाले औषध?"

"औषध नाही. ती मेलेलीच नाही."

राजमातेचे डोळे भरले. "पोरी, मलाही तेच वाटत आले. रोज सकाळी वाटे. आता मला फसवू नकोस."

चारुमती गुडघ्यांवर बसली. तिने वरच्या फांदीची साल नखाने खरवडली. आत तपकिरी, कोरडी. तिने मधले खोड खरवडले. तेही तपकिरी. मागे कोणी तरी हुंदका दिला. राजमातेने कुदळ उचलली. चारुमतीने बुंध्याशी माती बाजूला केली, बोट खाली नेले, आणि अगदी जमिनीच्या कडेला नख लावले.

हिरवी रेघ दिसली. दोऱ्याएवढी, ओली.

राजमातेने वाकून पाहिले. कुदळ कधी पडली, ते त्यांना कळलेही नाही. त्या तिथेच मातीत बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "बघता काय? आळे बुजवा! आणि होळीत माझा चंदनाचा पलंग घाला. होळीला लाकूड हवे ना? घ्या!"

झाडाला कोणी हात लावायचा नाही, काळी फांदीसुद्धा तोडायची नाही, असा हुकूम सुटला. सासू-सुना रोज सकाळी जास्वंदीपाशी बसत. काही होत नसे. तरी बसत. चैत्रात एका सकाळी बुंध्याशी तांबूस टोक वर आले. पुढे दोन पाने फुटली. पाने उलगडली तसा राजा जयकेतूच्या बोटांना ऊब आली, आणि त्याने डोळे उघडून विचारले, "आज जेवायला काय आहे?"

वाड्यात हसू आणि रडू एकदमच फुटले. कारंजे धबकन खाली कोसळले आणि पुन्हा वर उडाले. पपया कायमच्या गेल्या, त्यांच्या जागी नवी रोपे लागली. मोगरा बुडातून फुटला. उत्तरेच्या डोंगरातले बर्फाचे दार वितळून गेले, आणि नदीतली, बागेतली, दाराजवळची सारी माणसे आपापल्या घरी चालत परतली. भारद्वाजाला गोगलगायी मिळू लागल्या, तरी त्याची कुरकुर थांबली नाही.

राजा काठी टेकत बागेत आला. राजमाता पुढे झाल्या, पण त्यांना त्याच्याकडे पाहवेना.

"आईसाहेब, आपल्या हातांना ही माती कसली?"

राजमातेचे ओठ हलले. "बाळा, मी तुला माझ्या हाताने..."

"तुमच्यासाठी रोज सकाळी गार मातीत बसत होत्या," चारुमती म्हणाली. "दुसरे काय?"

राजाने आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. आता ते हात गार होते आणि राजाचे गरम होते. तो कितीतरी वेळ ते चोळत राहिला.