धुतलेलं गोणपाट

एकदा काय झालं, घाटमाथ्यावरच्या एका गावी गाड्या तपासणारा एक साहेब होता. ट्रक म्हणा, टेम्पो म्हणा, शाळेची बस म्हणा, गाडी रस्त्यावर धावायला लायक आहे की नाही ते ठरवायचं आणि कागदावर सही करायची, हे त्याचं काम. मनुष्य सरळ. कुणाच्या घोटभर चहाचाही मिंधा नाही. अंगावरची खाकी अशी कडक इस्त्रीची, की खुर्चीवर बसतानासुद्धा जपून बसायचा. लोक म्हणत, असा अधिकारी भाग्यानं लाभतो. आणि खरं सांगायचं तर त्यालाही मनातून तसंच वाटत असे.

ही विद्या त्याला शिकवली होती एका वृद्ध निरीक्षकांनी. सगळे त्यांना आबा म्हणत. आबा निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांनी आपलं गोणपाट या शिष्याच्या हाती ठेवलं. तीस वर्षं हेच गोणपाट गाडीखाली अंथरून आबा पाठीवर पडत आणि वर बघत. ऑइल, ग्रीस, माती खाऊन खाऊन ते काळंठिक्कर झालेलं, नाकाशी धरवत नव्हतं. "हे जवळ असू दे," एवढंच आबा म्हणाले आणि पिशवी उचलून आपल्या गावी निघून गेले.

शिष्यानं पहिली काही वर्षं तसंच काम केलं. मैदानात सकाळपासून गाड्यांची रांग लागे आणि हा प्रत्येकीच्या पोटाखाली शिरे. मग एका उन्हाळ्यात त्याची कंबर धरली. आता गाड्यांची कागदपत्रं फिरवणारे एजंट लोक भारी हुशार. गाडीच्या सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो, त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की नंबर जसाच्या तसा उमटतो. तो ठसा एजंट टेबलावर आणून ठेवी.

"साहेब, ऊन काय म्हणतंय बघा. कशाला उठताय? गाडी बाहेरच उभी आहे. हा नंबर, हा विमा, हा धुराचा दाखला."

साहेब कागद असा बारीक बघे की एक आकडा पुसट असला तरी परत पाठवी. कागद चोख निघाला की सही. पुढे कंबर बरी झाली, पण खाली जाणं जे सुटलं ते सुटलंच. आणि गंमत अशी, की आपलं काही सुटलंय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्या हाती लाच नव्हती, सहीत खाडाखोड नव्हती. मग चूक शोधायची कुठं?

अशात एके दिवशी आबा त्याच्याकडे चार दिवसांसाठी आले. पाठीला पोक आलेलं, पण नजर तीच. जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "का रे, माझं गोणपाट कुठंय?"

शिष्याचा चेहरा उजळला. त्याच्या बायकोनं काचेचं कपाट उघडलं. आत त्याची प्रशस्तिपत्रं, एक तांब्याची मूर्ती आणि मधोमध ते गोणपाट, चौकोनी घडी घातलेलं, वर झेंडूचं एक सुकलेलं फूल.

"तीन वेळा सोड्यात भिजवलं हो आबा," ती कौतुकानं म्हणाली. "तेव्हा कुठं त्याचा मूळचा रंग दिसला. दर दसऱ्याला पूजा करतो आम्ही."

आबांनी घडी हातात घेतली, नाकाशी नेली. "वास गेला सगळा," ते म्हणाले.

"गेला ना? मी म्हटलंच होतं यांना!"

आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी खुंटीला टांगलेल्या शिष्याच्या खाकी सदऱ्याकडे पाहिलं. पुढून पाहिलं, मग उलटा करून पाठीकडून पाहिलं. मग गोणपाट काखेत मारलं आणि झोपायला गेले. बायकोला वाटलं, म्हातारपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या कन्याशाळेत समारंभ होता. शाळेच्या मुली खो-खोच्या सामन्यांसाठी घाट उतरून जिल्ह्याला निघाल्या होत्या. त्यांच्या बसपुढे नारळ फोडायला साहेबांना बोलावलेलं. बस परवाच त्यांच्या सहीनं पास झाली होती, तेव्हा मान त्यांचाच. आबाही बरोबर गेले, काखेत गोणपाट तसंच.

बसला झेंडूच्या माळा, पुढे लिंबू-मिरची, काचेवर कुंकवाचं बोट. बेचाळीस मुली खिडक्यांतून हात हलवतायत, कुणी आत्ताच डबा उघडलाय, कुणी मैत्रिणीची वेणी ओढतेय. बसचा मालक पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. ड्रायव्हर मात्र बाजूला, टोपी हातात घेऊन खाली बघत उभा. मुख्याध्यापिकाबाईंनी साहेबांच्या हातात नारळ दिला. त्यांनी हात उचलला.

"थांब जरा," आबा म्हणाले.

आणि त्यांनी सगळ्यांदेखत ते गोणपाट बसच्या पुढ्यात पसरलं, धोतर खोचलं, आणि पाठीवर पडून सरपटत बसखाली गेले. बाहेर फक्त दोन पावलं दिसू लागली. मुली फिदीफिदी हसू लागल्या.

मालक वाकून म्हणाला, "अहो आजोबा, काही पडलं का तुमचं?"

"माझं नाही," खालून आवाज आला. "कुणाचं पडलंय ते बघतोय."

"साहेब, तुमच्या घरचे आहेत ना हे? उन्हात डोकं फिरतं या वयात."

साहेबांचे कान तापले. हातात नारळ, पुढे सगळं गाव, आणि गुरू बसखाली. जमीन दुभंगावी असं त्यांना वाटलं. पण खरी लाज अजून पुढे होती.

आबा बाहेर आले. पाठ काळी, केसांत माती. त्यांनी गोणपाट उचललं नाही. तसंच राहू दिलं आणि शिष्याला म्हणाले, "आता तू."

"आबा, इथं? या कपड्यांत?"

"मी काय सोवळं नेसून गेलो होतो?"

गुरूची आज्ञा मोडवेना. साहेबांनी नारळ बाईंच्या हातात दिला आणि किती वर्षांनी कोण जाणे, पाठ जमिनीला टेकवून आत सरकले. आत अंधार होता. डोळे सरावले तेव्हा प्रथम दिसलं ते लाल फडकं. लांब सळ्या नेणाऱ्या ट्रकच्या मागे बांधतात, तसलं. ब्रेकच्या पाइपला घट्ट बांधलेलं, दोन्ही टोकं मुद्दाम लोंबती सोडलेली. फडक्याच्या वर पाइपला बोटभर चीर. तिथून ऑइल झिरपत होतं, आणि एक थेंब नेमका साहेबांच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर पडला.

साहेब बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "ते फडकं कुणी बांधलं?"

ड्रायव्हरनं मालकाकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघा," साहेब म्हणाले.

"मीच साहेब." ड्रायव्हर हातातली टोपी चुरगाळत म्हणाला. "पंधरा दिवस झाले चीर पडून. रोज ऑइल भरतो नि नेतो. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, पासिंग होऊ दे, मग बघू. जमत नसेल तर किल्ली ठेव आणि घरी बस. मी म्हटलं ठीक. पासिंगला साहेब खाली जाणारच. त्यांना चटकन दिसावं म्हणून बाजारातून लाल फडकं आणून बांधलं. तुम्ही नापास केली असती तर मालकांना दुरुस्ती करावीच लागली असती, आणि माझं नावही आलं नसतं."

"आणि पास झाल्यावर?"

"मग काय बोलणार साहेब? मनात आलं, एवढं लालभडक फडकं साहेबांनी पाहिलं, तरी सही केली. म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय. आपण शिकलेले ते किती."

मालक काहीतरी बोलू लागला. आबांनी नुसता हात वर केला, तशी त्याची जीभ थिजली.

साहेब बसच्या दारात गेले. त्यांनी सांगितलं, "मुलींनो, ही बस घाटात जाणार नाही. हिचा ब्रेक धड नाही. मी ही न बघता पास केली होती."

पुढच्या बाकावर एक चुणचुणीत मुलगी बसली होती. तिनं सरळ विचारलं, "काका, मग सही कशावर केली?"

तिला टोमणा मारायचा नव्हता, खरंच कळत नव्हतं. साहेबांनी मान खाली घातली, आणि बेचाळीस मुली त्यांच्याजवळून एकेक करून खाली उतरल्या. उतरताना प्रत्येकीनं त्यांची काळी पाठ पाहिली. दुपारच्या एसटीनं त्या गेल्या, उभ्यानं. पहिला सामना हुकला.

बसचा दाखला साहेबांनी तिथंच रद्द केला, आणि मालकाला बजावलं की या माणसाची नोकरी गेली तर तुमच्या सगळ्या गाड्या तपासणीला मैदानात आणून उभ्या करीन. मग ड्रायव्हरकडे वळून विचारलं, "तुमचं नाव काय हो?" इतक्या वर्षांत किती ड्रायव्हर त्यांच्यापुढून गेले, पण असं त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. "चांगदेव," तो म्हणाला. साहेबांनी त्याला हात जोडले. तो बिचारा इतका गोंधळला की टोपी उलटी घालून बसला.

परतताना वाटेत शिष्यानं विचारलं, "आबा, तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या सदऱ्याच्या पाठीवरून. आपल्या धंद्यात पाठ स्वच्छ राहत नाही." दोन पावलं चालून आबा म्हणाले, "ऐक. ज्याला मालकापुढे तोंड उघडता येत नाही, तो आपली गोष्ट गाडीखाली लिहून ठेवतो. कुणी तार बांधतो, कुणी फडकं, कुणी नुसता एक नट उलटा लावतो. कागदावर ते कधी येत नाही. ते वाचायला कुणीतरी पाठीवर पडावं लागतं. सरकारनं तुला त्यासाठी ठेवलंय. तू लाच खाल्ली नाहीस, खरं आहे. पण तो माणूस तुझ्याशी बोलला आणि तू ऐकलं नाहीस. वर तुझी सही बघून त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. हे मोठं पाप."

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चूक माझीही आहे," आबा हलकेच म्हणाले. "गोणपाट देताना ते कशासाठी हे सांगायला हवं होतं. मला वाटलं, वासानंच कळेल."

घरी बायको ते गोणपाट धुवायला न्यायला लागली. साहेब म्हणाले, "असू दे. कपाटात नको, दाराशी ठेव."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टेबलावरून पास केलेली एकेक गाडी परत बोलावली. लोक चिडले, एजंट कुजबुजले, साहेबांना झालंय तरी काय? साहेब गोणपाट अंथरत आणि आत जात. बऱ्याच गाड्या ठीक निघाल्या. काहींत तार सापडली, काहींत फडकी.

चौथ्या दिवशी एक जुना टेम्पो आला. खाली गेल्यावर मागच्या चाकाच्या स्प्रिंगच्या पाट्याजवळ साहेबांना पांढऱ्या रंगानं काढलेली वेडीवाकडी अक्षरं दिसली. चिखल बोटानं पुसून त्यांनी ती वाचली.

"साहेब, हितं बगा."

रंग जुनाट, पोपडे सुटलेला. खालचा पाटा अर्धा तुटलेला.

"हा टेम्पो पूर्वी कोण चालवायचा?" साहेबांनी खालूनच विचारलं.

"होता एक," मालक म्हणाला. "दोन वर्षं झाली. भितो म्हणाला आणि सोडून गेला. कुठं गेला, देव जाणे."

बाहेर रांगेतल्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. साहेब बराच वेळ त्या अक्षरांखाली तसेच पडून राहिले, हात जोडून.