भिवराक्काचा घोट

फार वर्षांपूर्वी, माझ्या आजीची आजी परकर नेसत होती तेव्हा, आपल्या चिंचखेडात विहीर एकच होती. पाणी काय गार! भर चैत्रात तांब्याला बाहेरून घाम फुटायचा, असं म्हणतात.

आणि गावाची दुसरी शान म्हणजे दात. चिंचा फोडताना चाखल्याशिवाय कोण राहतंय? दात पिवळट व्हायचे. मग लगेच गाव विटेची पूड घेऊन बसायचं. खसाखसा, खसाखसा! चिंचखेडचा नवरदेव हसला की वऱ्हाडी डोळे मिटून घ्यायचे, असं म्हणतात.

पण एका वर्षी आक्रीत झालं. विहिरीचं पाणी दाताला लागलं की माणूस किंचाळायचा. कळ दातातून निघायची ती कानात, कानातून थेट टाळूत! दोन कोसांवरच्या नदीचं पाणी उन्हानं कोमट, ते मात्र चालायचं. झालं, गुणाजी पाटील म्हणाला, "विहिरीत दातखाई हडळ शिरली. येत्या अवसेला बुजवा!" म्हणजे बायांना रोज चार कोस पायपीट, डोक्यावर घागर, जन्मभर!

अवसेला धोंडे गोळा झाले, अन् तेवढ्यात हाळी आली, "जातं टाकवायचं का ऽऽ जातं!"

ती भिवराक्का टाकारीण. गुळगुळीत झालेल्या जात्याला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायच्या, हा तिचा धंदा. कोणता दगड कशानं झिजला, हे ती नुसतं बोट फिरवून सांगायची.

आल्या आल्या तिनं विहिरीतून घागर काढून तोंडाला लावली. "अगं मरशील!" बाया ओरडल्या. तिनं घटाघटा संपवली, तोंड पुसलं आणि पाटलीणबाईच्या दातावरून बोट फिरवलं.

"अगं माझे बाई! हिरडीपाशी केवढी खाच ही! चिंचेनं तांब्याचा वरचा थर निघतो ना? तसा दाताचाही निघतो. त्या मऊ पडलेल्या दातावर तुम्ही लगेच वीट घासता. आतला जिवंत दात उघडा पडलाय. त्याला गार कसं सोसेल? विहिरीचा काय गुन्हा?"

"टाकारणीनं जाती बघावीत," पाटील गुरकावला.

तशी भिवराक्का पायऱ्या उतरून विहिरीत जाऊन बसली. "टाका धोंडे!"

पाटलानं खरंच टाकला. आणि असं म्हणतात, तो धोंडा तिनं वरच्यावर झेलला, मांडीवर घेतला आणि छिन्नीनं त्याला टाके घालायला लागली! टक् टक् टक्! दुसरा धोंडा उचलायला कुणाचा हात उठेना.

"एकवीस दिवस देतो," पाटील म्हणाला. "पाणी सोसलं नाही, तर तुझ्यासकट बुजवीन."

त्या दिवसापासून गावात वीट बंद. बाभळीची कोवळी काडी कुंचल्यासारखी मऊ होईस्तोवर चावायची आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हळू फिरवायची, लेकराच्या अंगावरून हात फिरवावा तशी. आंबट चाखलं तर आधी नुसती चूळ, आणि पायलीभर दळून होईपर्यंत काडीला हात लावायचा नाही. रात्री मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. "झिजलेलं परत यायचं नाही," ती सांगायची, "पण दात शांत होईल."

एकविसावा दिवस! सगळं गाव काठावर. पाटलीणबाईनं घोट घेतला. थांबली. अन् हसली! मग म्हातारे प्याले, पोरं प्याली, एकच गलका! शेवटी पाटलानं तांब्या लावला, आणि असा ओरडला की झाडावरचे बगळे उडाले.

"उचला धोंडे!"

पाटलीणबाईनं त्याचा हात धरला आणि वर केला. बोट लालभडक! विटेच्या पुडीनं.

"बघा हो, ही आमची दातखाई! रोज पहाटे गोठ्यात बसून घासते!"

लोक हसून हसून बेजार. पाटीलही हसला, पण तोंडावर हात धरून. पुढच्या एकवीस दिवसांनी तोही अकरा तांबे प्याला, असं म्हणतात.

भिवराक्का गेली कुठं, कुणाला कळलं नाही. तिच्या टाक्यांचा धोंडा मात्र शेवटच्या पायरीला आहे, उन्हाळ्यात दिसतो. आजही पहिली चिंच फोडली की गाव विहिरीवर जमतं. आधी चूळ, मग गार घोट तोंडात धरायचा, भिवराक्काला आठवायचं, गिळायचं, आणि दात दाखवून हसायचं.

आणि त्याच्याही आधी पाटलांच्या घरातला थोरला सगळ्या गावाला आपलं बोट दाखवतो. अजूनही!