गिरिजाची पहिली फाईल

“पण सर, मशीनच सांगतंय ना, एरर तिच्या फाईलमध्ये आहे म्हणून? मग मी तिला बोललो तर माझं काय चुकलं?”

ओजसने लॅपटॉप सरांपुढे सरकवला. सरकवून काय उपयोग? दाभाडे सरांना वर्षभरापासून अक्षर दिसत नाही. तीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये प्रोग्रामिंग शिकवलं, आता नुसतं ऐकतात. मी त्यांना पेपर वाचून दाखवायला जातो, म्हणून त्या दिवशी तिथे होतो.

ओजस आणि गिरिजा, दोघंही सरांचेच विद्यार्थी. दोघांनी मिळून एक गेम बनवला. कॉम्प्युटरवर तो छान चालायचा. तोच मोबाईलसाठी तयार करायला घेतला की मशीन अडायचं, आणि दर वेळी गिरिजाच्याच फाईलवर. ओजसने तिच्याकडून ती फाईल तीनदा लिहून घेतली. तिसरी हातात ठेवून ती गावी निघून गेली. आता त्याचा फोनही उचलत नाही.

“कितव्या ओळीवर येतोय एरर?” सरांनी विचारलं.

“पहिल्याच! सुरुवातच धड नाही तिची.”

“तिच्या आधी मशीन कुणाची फाईल वाचतं?”

“माझी. तिच्यात एकही एरर नाही सर, छातीठोकपणे सांगतो.”

“वाच ती. कंसासकट.”

ओजस हसला. पण सरांपुढे नाही कसं म्हणणार? वाचू लागला.

सरांनी मूठ वळून मांडीवर ठेवली. कंस उघडला की ते एक बोट उघडत, कंस मिटला की बोट मिटत. शेवटी फक्त मोबाईलसाठी लिहिलेल्या पाच ओळी आल्या. कॉम्प्युटरवर त्या वाचल्याच जात नाहीत.

वाचून झालं. सरांचं एक बोट उघडंच होतं.

ओजस त्या बोटाकडे बघत राहिला...

“इथला मिटायचा राहिला,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे माझं संपलंच नव्हतं... आणि मशीन तसंच पुढे तिच्या फाईलमध्ये शिरत होतं.”

“हं.”

त्याने कंस टाकला. दोन मिनिटांत गेम मोबाईलवर सुरू झाला. गेममधली मुलगी चालत निघाली. ओढा आला तशी काठावर थांबली ती थांबलीच.

“उडी नाही मारत ही,” ओजस म्हणाला. “पहिल्या फाईलमध्ये मारायची, कॉम्प्युटरवर. परकर सावरून, काय झकास मारायची! मीच म्हटलं, तुझं काहीतरी जास्तीचं असेल, काढून टाक. तिनं एकेक काढत आणलं.”

खरं सांगतो, त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली मला.



ओजस सरांकडे वळला. “पण भांडायचं ना तिनं, सर! माझं बरोबर आहे, एवढं एकदा तरी म्हणायचं!”

“तिची पहिली फाईल उघड.”

“ती... नाहीये आता. कुठेच नाहीये. मीच पुसायला लावली.”



“त्या फाईलमध्येच म्हटलं होतं तिनं, माझं बरोबर आहे म्हणून,” सर म्हणाले.