निळसर इंधन

एकदा एक तरुणी विमान उडवायला शिकावे म्हणून एका वयोवृद्ध वैमानिकाकडे आली. माळावरची छोटी धावपट्टी, पत्र्याची शेड आणि दोन आसनांचे जुने विमान, एवढाच त्या वृद्धाचा आश्रम. तरुणीची तयारी मात्र दांडगी होती. हवामानशास्त्र तोंडपाठ, नियमावली तोंडपाठ, गणवेशाला कडक इस्त्री. वृद्धाने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "छान. आता महिनाभर विमान नुसतं बघायचं."

ती हिरमुसली; पण गुरूचा शब्द मोडणाऱ्यांतली ती नव्हती. रोज सकाळी तपासणीची यादी हातात घेऊन ती विमानाभोवती फिरू लागली. पंखांचे सांधे, चाकांतली हवा, पुढच्या पात्यांवरचे ओरखडे. सर्वांत शेवटी टाकीतले थोडे इंधन काचेच्या नळीत काढायचे. त्यात पाणी उतरले असेल तर ते तळाशी बसते आणि दोहोंच्या मध्ये रेघ दिसते.

"कसं आहे?" वृद्ध विचारी.

"सर्व ठीक, सर."

"बरं. उद्या ये," म्हणून तो चहा प्यायला निघून जाई.

असा महिना सरत आला. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत वैमानिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेशअर्जावर वृद्धाची सही झाली नाही, तर नव्या तुकडीतली तिची जागा जाणार होती, आणि पुढची तुकडी थेट वर्षाने. त्यात वडिलांनी उत्साहाने आदल्या दिवशीच पेढे वाटून टाकले होते. बिचारी रात्रभर कूस बदलत राहिली.

सकाळी पाहते तो वृद्ध आधीच विमानापाशी उभा. एका हातात पेन, दुसऱ्या हातात भरलेली नळी. "इंधन मीच काढून ठेवलंय. बघ, रेघ नाही. ठीक आहे म्हण, सही करतो, लगेच वर जाऊ."

रेघ खरेच नव्हती. 'हो' तिच्या ओठांपर्यंत आले, पण नजर नळीवरच अडली. इतके दिवस पाहिलेले इंधन फिकट निळे असे. हे रंगहीन होते. तिने नळी नाकाशी नेली. वासही नव्हता. रेघ दिसणार कशी? नळीत इंधन नव्हतेच, होते ते सगळे पाणी.

गुरूची चूक काढायची, आणि तीही आज?

"सर, हे पाणी आहे. विमान वर न्यायचं नाही."

"चाळीस वर्षं उडवतोय मी. मला कळत नाही का?"

"तुमच्याइतकं मला कळत नाही, सर. पण मी बसणार नाही, आणि तुम्हालाही बसू देणार नाही." एवढे बोलून ती विमानाच्या दारासमोर उभी राहिली. तिथून हलली नाही.

वृद्धाने खिशातला तिचा अर्ज पंखावर ठेवला आणि ठसठशीत सही केली.

"पोरी, हे पाणी माझ्या माठातलं. टाकीला मी हात लावलेला नाही. रोज तुझं 'सर्व ठीक' ऐकायचो, पण तू विमान बघतेस की माझं तोंड, तेच मला कळत नव्हतं. उद्या तुझ्या शेजारी माझ्याहून अनुभवी माणूस बसेल. त्याचा मान राख, पण डोळे स्वतःचे वापर. जमिनीवर ज्याला 'नाही' म्हणता येतं, त्याच्याच हाती आकाश द्यावं. चल, बस आता."

"थांबा, सर," ती म्हणाली. तिने यादी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केली. टाकीतले इंधन स्वतः काढले, उजेडात धरले, हुंगले. वृद्ध तोवर उन्हात उभा राहिला. त्याच्या आयुष्यात इतक्या आनंदाने तो कोणासाठी ताटकळला नसेल.

थोड्या वेळाने चाके धावपट्टीवरून सुटली. माळ खाली राहिला, माणसे ठिपक्यांएवढी झाली, आणि वृद्धाने विमान चालवायचा दांडा तिच्या हाती सोपवला. तिने तो निर्धास्तपणे धरला. धीर लागतो तो वर जाताना, असे तिला आजवर वाटत आले होते. तो आपण खालीच, दारासमोर उभे राहून खर्च केला, हे तिला आता उमगले.