खिडकीत मावेल तेवढी नदी

“शेवटी दादा काय म्हणाला?”

त्या दिवशी दादासोबत नावेत असलेल्या प्रत्येकाला बिरूनं हे विचारलं होतं. माणसं खाली बघायची.

गेल्या पुरात पाण्याची पातळी मोजणारं अडकलेलं यंत्र सोडवायला गेलेला त्याचा दादा, सिद्धू, बुडाला. त्यानं लिहिलेला प्रोग्राम मात्र पंचायतीच्या संगणकावर चालूच राहिला. पडद्यावरच्या चौकटीत नदीची निळी रेघ सरकायची. ती बघून भोंगा वाजायचा आणि नदीकाठची खालची गल्ली घरं सोडायची.

आज दुपारी पाणी चढत होतं आणि रेघ गोठली होती. चौकट जरा सरकवली की सगळंच अडकायचं. खालची माणसं सकाळचा आकडा बघून निवांत होती.

बिरूची शाळा अर्ध्यात सुटलेली, जे काही येत होतं ते दादाच्या शेजारी बसून उचललेलं. तो धावत जाऊन दादाच्या गुरूंना, जिनगोंडा सरांना, पंचायतीत घेऊन आला.

सरांनी कोड वाचला. चौकटीत दिसेल तेवढीच रेघ रंगवायची, म्हणजे संगणक अडकत नाही, अशी सिद्धूची रीत होती. ती कुणी मोडली, असं त्यांनी विचारलं.

“मी.”

“का?”

“दादा गेला तो दिवस चौकटीतून मागं सरकला की प्रोग्राम तो रंगवायचाच नाही, सर. म्हणून... पहिल्यापासून सगळी नदी रंगवायला लावली. दर खेपेला.”

“भाऊ गेला म्हणून नदीला सुतक पाळायला लावलंस होय रं?”

बिरूला हुंदका फुटला...

सर उठले. त्यांनी खिडकीचं एक दार लोटलं. बाहेरची नदी अर्धी झाली.

“उरलेली थांबली?”

“नाही.”

“दिसत तर नाही. कशावरून म्हणतोस?”

बिरूनं कान दिला. भिंतीपलीकडं पाणी घुमत होतं.

तो खुर्चीत बसला. दादाच्या ओळी त्यानं होत्या तिथं परत घातल्या. चौकट अलगद सरकली. रेघ धोक्याच्या खुणेला टेकली होती.

मागचे दिवस चौकटीत दिसत नव्हते.

“सर, दादाचा दिवस...”

सर खिडकीच्या उघड्या दारातून खालच्या छपरांवरचा धूर बघत होते.

“चुली पेटल्यात अजून,” ते म्हणाले. “भोंगा वाजव.”