पाटकरणीचं फावडं

एका गावात एक पाट होता आणि त्या पाटाइतकाच जुना एक नियम होता. दर दसऱ्याला गाव एक पाटकरी निवडायचं आणि त्याच्या हाती फावडं द्यायचं. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी वळवायचं, ते वर्षभर फक्त त्यानं ठरवायचं. शेताच्या तोंडाशी लावलेल्या फळीला दुसऱ्या कुणी हात लावला, तर त्याची पुढची पाळी बंद. आणि पाणी आधी सगळ्यात खालच्या शेताला, मग एकेक करत वर.

नियम सगळ्यांना पाठ होता. पाळत मात्र कुणीच नव्हतं. वरच्या आळीतले लोक हवी तेव्हा फळी उचलायचे आणि पाटकरी मूग गिळून बसायचा. खालच्या आळीला उरायचा चिखल. मग खालचे लोक पाटातला गाळ काढायला येईनासे झाले. ज्या पाटाचं पाणी मिळत नाही, तो साफ तरी कशाला करायचा? एकेका घराला कुलूप लागत गेलं, पाट गाळानं भरत गेला, आणि वरचे म्हणत राहिले, "हल्ली पाणीच कमी येतं बुवा."

एका दसऱ्याला पाटलानं सगुणाचं नाव सुचवलं. पोर बावीस वर्षांची, शिकलेली, अबोल. शिवाय तिच्या बापाचं शेत पाटाच्या अगदी तोंडाशी, पहिल्याच फळीला. "आपल्या आळीची पोर आहे, सांगू तशी वागेल," पाटील हळूच म्हणाला आणि चारचौघं मिशीत हसली. सगुणानं ते ऐकलं. तिनं फावडं कपाळाला लावलं आणि घेतलं.

पौषात पाटाला पाणी सुटायची वेळ आली, तेव्हा ती पाटाच्या काठानं चालत थेट शेवटच्या शेतापर्यंत गेली. तिथं एक म्हातारी हरभऱ्याच्या सुकल्या रोपांपाशी बसली होती.

"आजी, पाणी येतं का इथवर?"

"येतं की. पावसाळ्यात!" म्हातारी म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "बोचकी बांधून ठेवलीत, बाई. या पाळीला पाणी आलं नाही, तर आमच्या घरालाबी कुलूप."

सगुणानं त्याच दिवशी चावडीवर सांगून टाकलं, की यंदा पहिलं पाणी खाली जाणार.

पाटलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चार बुकं शिकलीस म्हणून गावाला शहाणपण शिकवतेस?"

"नियम माझा नाही, पाटीलकाका. तुमच्या आज्यानंच केलाय. मी फक्त पाळणार."

तिनं वरच्या सगळ्या फळ्या घट्ट बसवल्या आणि पाण्यासोबत चालत निघाली. गाळातून अडखळत पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीच्या बांधापाशी पोचलं. म्हातारी पदर खोचून उभी राहिली. आता हातभरच अंतर उरलं होतं, आणि पाणी थांबलं. बघता बघता आटलं.

सगुणा धावत वर आली. पहिली फळी उचललेली होती आणि तिचा बाप आपल्या गव्हात घोटाभर पाण्यात उभा होता. बांधावर पाटील आणि वरची आळी मजा बघायला जमली होती.

"गहू ओंबीवर आलाय, पोरी," बाप म्हणाला. "घरचंच आहे. एवढ्या बारीला डोळेझाक कर."

याच माणसानं सगुणाला खांद्यावर बसवून हे शेत दाखवलं होतं, आणि घरात वर्षभर खायचे तेही याच गव्हावर. तरी ती पाटात उतरली, फळी खाली दाबली आणि फावड्यानं चिखल लिंपून तोंड बंद केलं.

"आबा, तुमची पुढची पाळी बंद."

"बापाची?" बाप ओरडला. "घरात पाऊल टाकू नकोस मग!"

"नाही टाकणार. इथंच पाटावर राहीन."

"फावडं टाक खाली!" पाटील गरजला.

"दसऱ्याला मागा," सगुणा म्हणाली. "तोवर कुणाची छाती असेल त्यानं फळीला हात लावून दाखवा. आज आबांची पाळी गेली. उद्या पाटलाची जाईल!"

कुणी पुढे आलं नाही. तेवढ्यात खालून माणसं आली. आटलेल्या पाण्याचा माग काढत आख्खी खालची आळी आली होती, फावडी खांद्यावर घेऊन. पाटील दोन पावलं मागं सरला. पण ती माणसं भांडायला आलीच नव्हती. ती पाटात उतरली आणि कितीतरी वर्षांनी गाळ काढायला लागली. सगळ्यात पुढे म्हातारी होती.

थोड्या वेळानं वरच्या आळीतलाही एकजण धोतर खोचून उतरला. मग दुसरा.

पाट मोकळा झाला तसं पाणी खळाळत खाली गेलं, आणि वरच्यांची पाळीही दोन दिवस आधी आली. फक्त पहिल्या शेताला त्या पाळीचं पाणी मिळालं नाही. म्हातारीनं बोचकी सोडली.

पुढच्या दसऱ्याला पाटील म्हणाला, "यंदा दुसरं कुणीतरी बघू."

सगुणाचा बाप उठला. वर्षभरात तो लेकीशी धड बोलला नव्हता. "एक पाळी गेली न् माझ्या गव्हाचा दाणा बारीक पडला. पोळीच्या घासाला रोज राग यायचा मला. पण जी बापाला सोडत नाही, ती कुणाला फसवायची नाही. फावडं तिच्याकडंच राहू द्या!"

"नाही आबा," सगुणा म्हणाली. "फावडं वर्षाचंच असतं. तोही नियमच आहे."

गावानं म्हातारीच्या सुनेला निवडलं, आणि सगुणानं फावडं तिच्या हाती दिलं. खालच्या आळीत फावडं पहिल्यांदाच गेलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सगुणा म्हणाली, "पहिलं शेत आमचं आहे, वहिनी. तिथं आधी नजर ठेव."

तात्पर्य: आपलं ऐकेल म्हणून तरुणाच्या हाती गाव देऊ नका. आणि तुमच्या हाती गाव आलंच, तर पहिली फळी स्वतःच्या घरची बंद करा. बाकीचं गाव आपण होऊन पाटात उतरतं.